दोन श्रावणांची चरबी

आमच्या घरात चरबी हा शब्द शरीरासाठी वापरत नसत, माझ्यासाठी वापरत. मोठ्यांना उलट उत्तर दिलं, पाहुण्यांसमोर पाय पसरून बसले, शिऱ्यात साखर जास्त झालीय असं आत्याच्या तोंडावर सांगितलं, की आई म्हणायची, "फार चरबी चढलीय हिला." उज्जैनच्या हिंदीतही तेच. चौकात गाडी आडवी घालणाऱ्याला लोक विचारतात, "बहुत चर्बी चढ़ी है क्या?" त्यामुळे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी फिटनेसच्या मॅडमनी माझ्या मांडीची कातडी चिमट्यात धरली आणि "चर्बी ज़्यादा है" म्हणाल्या, तेव्हा माझ्या तोंडून निघूनच गेलं, "हाँ मॅडम, घर पर भी सब यही कहते हैं."

रांगेतल्या मुली फिदीफिदी हसल्या. मॅडमही हसल्या. सर हसले नाहीत.

सर म्हणजे आमचे फुटबॉलचे कोच. माणूस वाईट नव्हता. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि येताना दोन वस्तू घेऊन आले. एक तो चिमटा, त्याला छोटं घड्याळ लावलेलं. दंडाच्या मागे, पाठीवर, पोटाशी, मांडीवर कातडी चिमटीत धरायची आणि ती किती जाड आहे ते घड्याळात बघायचं. दुसरा एक काटा, त्यावर अनवाणी उभं राहिलं की पायांतून कळणार नाही इतका करंट जातो आणि अंगात चरबी किती टक्के ते समोर उमटतं. घरात नवा टीव्ही आल्यावर जसं सगळ्या गल्लीला बोलावून दाखवतात, तसं सरांचं त्या काट्याचं चाललं होतं. क्रीडा विभागाच्या भिंतीवर त्यांनी लाल रंगात लिहून घेतलं, 'चर्बी कम, रफ़्तार ज़्यादा'. आणि नियम काढला की ठरावीक टक्क्यांच्या वर जी असेल ती विद्यापीठाच्या संघात नाही.

मी वर होते. थोडीथोडकी नाही, चांगलीच वर होते.

मला त्या संघात जायचं होतं. तेव्हा बाकी कशाचीही मला इतकी ओढ नव्हती, अभ्यासाची तर नव्हतीच. मी उजव्या कडेनं खेळायची. माझं काम सोपं होतं. मधल्या मुलीनं बॉल पुढच्या रिकाम्या जागेत टाकायचा आणि तिथे सगळ्यांच्या आधी मी पोचायचं. मी पोचायची. सुरुवातीची चार-सहा पावलं माझी अशी पडायची की अंगावर धावून येणारी मुलगी मागेच राहायची. मांड्या म्हणाल तर आमच्या घराण्याच्या. आई, आत्या, चुलतबहिणी, सगळ्या कमरेखाली भक्कम. दुकानात सलवार घ्यायला गेलं की दुकानदार न विचारता मोठं माप काढतो. या मांड्यांनी मला आयुष्यात दोनच गोष्टी दिल्या, टोमणे आणि वेग. पैकी टोमण्यांचं मला काही वाटत नसे.

सरांना मी हे सांगून पाहिलं. "सर, सबसे तेज़ तो मैं ही हूँ." त्यांनी मान हलवली. "हाँ बेटा, है. अब सोच, इतनी चर्बी लेके इतनी तेज़ है, तो उतर जाएगी तब कितनी तेज़ होगी."

खरं सांगायचं तर मला ते पटलं. आज मी एका शाळेत मुलींना फुटबॉल शिकवते, या विषयावरचं थोडंफार वाचलं आहे, आणि सर अगदीच चूक नव्हते हे मान्य करते. फुकटची चरबी म्हणजे पाठीवर पिशवी बांधून पळणं, हे खरंच आहे. पण पिशवी उतरवता उतरवता माणसाचे पाय कापले तर काय होतं, ते त्यांच्या शिबिरात कुणी शिकवलं नव्हतं. पुढचं माप पावसाळ्याच्या शेवटी होणार होतं. तोवर उतरवून दाखव, म्हणाले.

घरी सांगितलं तर आईला आनंदच झाला. ती बिचारी किती वर्षं माझ्या बारीक होण्याची वाट बघत होती, स्थळांच्या दृष्टीनं. फुटबॉल तिला फारसा पसंत नव्हता, पण इथे फुटबॉलवाले सर आणि स्थळवाले लोक एकच मागत होते. "सरांनी सांगितलंय ना, मग झालं," ती म्हणाली. "तू फालतूची चिंता नको करू. श्रावण लागतोच आहे."

आता हे श्रावणाचं प्रकरण महाराष्ट्रातल्या माणसाला सांगावं लागतं. उज्जैनमध्ये मराठी माणसाला दोन श्रावण असतात. गावाचा श्रावण गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी लागतो आणि राखीला संपतो. आमचा, गावाचा सुरू झाला की पंधरा दिवसांनी, अमावास्या झाल्यावर लागतो आणि पोळ्याला संपतो. महाकालाची सवारी दोन्हीकडच्या सोमवारी निघते, म्हणजे देवानंही दोघांचं मन राखलेलं आहे. देवाला पालखीत बसायचं असतं, त्याला दीड महिना काही जड नाही. माणसानं मात्र एक श्रावण निवडावा अशी रीत आहे. बाबा बँकेतल्या लोकांबरोबर गावाचा पाळायचे, आई आमचा पाळायची. माझ्यासाठी आईनं दोन्ही निवडले.

"एवीतेवी करायचंच आहे तर पूर्ण करू," ती म्हणाली. आणि मला एकटीला जड जाऊ नये म्हणून तीही माझ्याबरोबर दोन्ही श्रावण धरून बसली.

आमच्याकडे उपास करून कुणी बारीक झाल्याचं ऐकिवात नाही. उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचं कूट, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू आणि दुपारी झोप. उपासाच्या दिवशी आमच्या घरात रोजच्यापेक्षा जास्त खाल्लं जातं. पण या खेपेला आई कडक झाली. खिचडी बंद. सोमवारी फक्त पाणी आणि रात्री कपभर दूध. मग तिनं शनिवार जोडला. मग कुणीतरी सांगितलं म्हणून गुरुवार. उरलेल्या दिवशी एक पोळी आणि दोडक्याची भाजी. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, आमच्याकडे पावसाळ्यात दुसरा श्रावण आला होता.

आणि मी कुरकुर केली नाही. मला तो संघ हवा होता. वर्गात डोळ्यांपुढे फळा हलायचा, पण आरशात गालांची हाडं दिसायला लागली होती आणि शेजारपाजारचे "अरे वा, छान दिसायला लागली" म्हणत होते. मैदानावर सर अंगठा दाखवायचे. अख्ख्या जगानं मिळून एका मुलीचं इतकं कौतुक केलेलं मी तोवर बघितलं नव्हतं.

फक्त बॉल मला भेटेनासा झाला. पावसात आमच्या मैदानाची काळी माती बुटांना चिकटते, पाय जड होतात, म्हणून आधी मी मातीला दोष दिला. पण माती सगळ्यांच्याच बुटांना होती. मधल्या मुलीनं नेहमीसारखा बॉल पुढे टाकला की मी नेहमीसारखी निघायची, आणि पहिल्या पावलाला जमीन ढकलावी तर पायात काही नसायचंच. बॉल रेषेबाहेर जाताना मी बघत राहायची. एकदा तर आमच्या गोलकीपरनं, जी कधी धावलीच तर वैतागून धावायची, मला मागे टाकलं. तिलाही ते इतकं विचित्र वाटलं की ती वळून म्हणाली, "क्या हुआ रे, ठीक है ना?" मी हो म्हटलं आणि गोलच्या जाळीमागे जाऊन रडले.

शेवटची शाही सवारी गेली तो सोमवार होता आणि माप मंगळवारी सकाळी होतं. आईच्या डोक्यात आलं की आदल्या दिवशी पाणीसुद्धा घेतलं नाही तर आकडा आणखी उतरेल. मलाही ते बरोबर वाटलं. काट्यावर चढायचंय, तर अंगात जितकं कमी तितकं बरं, असा आम्हा दोघींचा हिशेब. सोमवारचा निर्जळी उपास करून मंगळवारी सकाळी तशीच कोरड्या तोंडानं मी काट्यावर उभी राहिले.

वजन उतरलं होतं. चरबीचे टक्के वाढले होते.

मॅडमनी मला उतरवलं, काटा पुसला, पुन्हा चढवलं. तेच. मग त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. "कल पानी पिया था?"

"नहीं मॅडम. उपास था."

मॅडम सरांकडे वळल्या. "सर, ये रीडिंग नहीं चलेगी. ये मशीन करंट से पानी का अंदाज़ा लेती है, बाकी सब हिसाब लगाती है. शरीर सूखा हो तो चर्बी ज़्यादा बताएगी. और इसका तो मांस भी उतरा है, टाँगें देखिए."

सरांनी टांगा बघितल्या नाहीत. आकडा बघितला. "मशीन सबके लिए एक है," ते म्हणाले, आणि मग सगळ्या मुलींसमोर मला म्हणाले, "घर पे उपास और बाहर पोहे-जलेबी. ऐसे चर्बी नहीं उतरती बेटा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दीड महिना मी जलेबीच्या दुकानावरून जाताना श्वास रोखून धरला होता. चोरी करून चोर म्हटलं असतं तर चाललं असतं, निदान जलेबी तरी पोटात असती. मी खूप काही बोलणार होते. पण उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मला मॅडमनी धरून खाली बसवलं. भांडायलासुद्धा पोटात काहीतरी लागतं, हे मला त्या दिवशी समजलं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. "चोरून खातेस असं म्हणाले?"

"हो."

"म्हणजे माझा श्रावण खोटा?"

मला वाटलं होतं तिला माझ्यासाठी राग येईल. आला तो तिच्या श्रावणासाठी. पण राग तो राग, मी म्हटलं चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी आई चांगली साडी नेसून, मला स्कूटरवर मागे बसवून कॉलेजच्या मैदानावर आली. याआधी ती तिथे कधी आली नव्हती. चिखलातून साडी सावरत ती थेट सरांपुढे उभी राहिली.

"सर जी, आपकी मशीन ने मेरी लड़की को झूठी बोला. इसने मेरे साथ पूरे दो सावन किए हैं. एक दाना बाहर का नहीं खाया."

"दो सावन?" सर गोंधळले. ते इथलेच, पण त्यांना श्रावण एकच ठाऊक.

"एक आपका, एक हमारा. हमारा बाद में आता है."

सरांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, "मतलब डेढ़ महीना आपने इसको भूखा रखा?"

आई आली होती उपास खरा होता हे सिद्ध करायला. तो खरा म्हणजे काय, हे तिला कुणी असं चार शब्दांत सांगितलं नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं की दीड महिन्यात पहिल्यांदा तिनं मला नीट बघितलं.

"आप ही ने तो बोला था उतारो," ती म्हणाली, पण आवाज उतरला होता.

"उतारने को बोला था, मारने को नहीं बोला."

आणि दोघं भांडायला लागले. आई म्हणे तुमचा नियम, सर म्हणे तुमचा उपास. साप समजून दोघं जी भुई धोपटत होते ती मी होते, आणि मधोमधच उभी होते. माझं पोट, माझ्या मांड्या, माझा वेग, आणि मला कुणी काही विचारत नव्हतं. मला दोघांचाही सारखाच संताप आला. मी ओरडलेच, "बस! आज से मैं खाऊँगी. पेट भर के खाऊँगी. और मुझे अब कोई नहीं नापेगा."

सर म्हणाले, "फिर सिलेक्शन भूल जा."

मी म्हटलं, "सिलेक्शन के दिन आऊँगी."

परतताना आई स्कूटर चालवत होती आणि मी मागे बसले होते. अर्ध्या रस्त्यात ती न वळता म्हणाली, "मला माहीत नाही पडलं गं." मी तिच्या पाठीवर डोकं टेकलं. मी तिला माफ केलं होतं, पण लगेच सांगितलं नाही. थोडी शिक्षा तिलाही हवी होती.

मग गणपती आले आणि गणपतीमागून पितृपक्ष. पितृपक्षात गाव शुभ कार्य बंद ठेवतं, पण स्वयंपाक बंद ठेवत नाही. आमच्या घरची तिथी, काकांकडची तिथी, मामांकडची तिथी. तांदळाची खीर, वडे, अळूवड्या, आमसुलाची चटणी. लाजलज्जा सोडून मी जेवले. एका घरच्या पितरांना निरोप देऊन दुसऱ्या घरच्या पितरांना भेटायला जायची. आई रोज सकाळी मला दोन अंडी उकडून द्यायची, अंगणातल्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात, नाक मुरडून. पितृपक्षात आमच्या घरात अंडं म्हणजे केवढी गोष्ट, ते ज्याला कळेल त्याला कळेल. आणि संध्याकाळी मी मैदानावर एकटी जाऊन तीच पहिली चार-सहा पावलं पुन्हा पुन्हा पळायची. एके दिवशी पाय खाली टेकला आणि जमिनीनं मला पुढे फेकलं. मी मोठ्यानं हसले. तिथे ऐकायला कुणी नव्हतं.

निवड सर्वपित्री अमावास्येला होती. सर शुभ-अशुभ मानत नसत, टक्के मानत. आईच्या डोक्यावर त्या दिवशी सगळा स्वयंपाक होता, तरी खीर आत्यावर सोपवून ती मला सोडायला आली आणि मैदानाच्या फाटकापाशी स्कूटरवर बसून राहिली. निघताना तिनं मला दूध-पोळी खाऊ घातली होती. पितरांचं पान वाढण्याआधी घरात कुणी खात नाही, पण तिनं ती सूट मला परस्पर देऊन टाकली. स्वतः फक्त पाणी प्यायली.

काट्यापुढे रांग होती. माझी पाळी आली. सर म्हणाले, "जूते उतार."

"नहीं उतारूँगी सर. दौड़ा के देख लो."

"नियम है."

"नियम रफ़्तार के लिए है ना? तो रफ़्तार देख लो."

मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, दौड़ा लीजिए ना. क्या जाता है?" सरांनी खांदे उडवले. त्यांनी माझ्याबरोबर कुणाला उभं केलं, तर जिचे टक्के सगळ्यांत कमी होते तिला. सडपातळ मुलगी, चांगली खेळायची, माझं तिच्याशी काही वैर नव्हतं. शिट्टी झाली. त्या पळण्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही. मी निघाले आणि ती मला पुन्हा दिसली ती थांबल्यावर. मुलींनी टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या.

सर बराच वेळ शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "अच्छा ठीक है. मान गया. ले लेता हूँ तुझे. अब बस चढ़ जा एक बार, आँकड़ा भर दूँ. जो भी आए, मैं देख लूँगा."

मला हवं होतं ते दोन पावलांवर होतं. बूट काढायचे, चढायचं, उतरायचं. मुली मला डोळ्यांनी खुणावत होत्या, चढ ना बावळट. आणि मी तिथे उभी राहून विचार केला. आकडा चांगला आला तर सर म्हणतील, बघा, काट्यानं हिला सुधारलं. वाईट आला तर म्हणतील, मी मोठ्या मनानं घेतलं. जिंकली मी होते आणि दोन्हीकडून खरा ठरणार होता काटा. मग पुढच्या वर्षी कुठली तरी भक्कम मांड्यांची मुलगी या रांगेत उभी राहील आणि घरी जाऊन दोन श्रावण धरेल.

"नहीं सर," मी म्हटलं. "दौड़ लिया मैंने."

त्यांनी माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर नियम मोडला असता, आणि त्यांना नियम मोडता येत नव्हता. संघ माझ्याशिवाय गेला. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. मी काही त्यातून थोर वगैरे झाले नाही, फक्त त्या संघात नव्हते. पण आज तोच काटा पुढे ठेवला तर आजही नाही चढणार.

फाटकापाशी आई उभी होती. "घेतलं?"

"नाही."

"कितीचा आकडा आला?"

"चढलेच नाही. पळून दाखवलं. पहिली आले."

मला वाटलं, आता ऐकावं लागणार. आईनं पदर खोचला. मग स्कूटर सुरू केली. वाटेत फ्रीगंजच्या बाजारात एका गाडीवर भुट्ट्याचा, म्हणजे मक्याच्या कणसाचा, गरम कीस होता, तिथे तिनं एकदम ब्रेक लावला. "मला भूक लागलीय," ती म्हणाली. मी जन्मात तिच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नव्हतं. आम्हाला भूक लागायची, बाबांना लागायची, तिला कधी लागल्याचं आठवत नाही. तिनं दोन द्रोण घेतले, एक मला दिला, आणि तिथीच्या दिवशी, चांगली साडी नेसलेली माझी आई भर रस्त्यात उभी राहून खायला लागली.

"अगं आई, पितरांचं पान वाढायचंय अजून."

तिनं द्रोण पुसून खाल्ला आणि गाडीवाल्याकडे दुसरा मागितला.

"थांबतील," ती म्हणाली. "त्यांना कुठे पळायचंय?"